खालच्या सहा ओळी

किशोरी मोकलला किळस फार लवकर येते. जिन्याच्या कोपऱ्यातली पिचकारी, तोंड लावून प्यायलेली पाण्याची बाटली, चहाच्या कपात बुडवून तिथेच मोडलेलं बिस्कीट, यातलं काहीही पाहिलं की तिच्या पोटात ढवळतं आणि ती तोंडावर "शी!" म्हणून मोकळी होते. पण ही झाली वरवरची किळस. तिची खरी शिसारी माणसांच्या एकाच सवयीची आहे: न वाचता, न ऐकता, नंदीबैलासारखी मान हलवून "हो" म्हणायची सवय. असं कुणी केलं की तिला त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा नकोसं होतं.

ही शिसारी तिला घरातून मिळाली. तिचे वडील काशिराम मोकल, खाडीकाठच्या एका गावातले आगरी, मिठागरावर उभं आयुष्य काढलेले. गावकीच्या बैठकीत काशिरामचा आवाज सगळ्यांत मोठा. पुढाऱ्यानं काहीतरी पुटपुटायचं आणि शेवटी विचारायचं, "मंजूर?" की काशिराम मागच्या रांगेतून, भिंतीला टेकून डुलकी घेत असला तरी, डोळे न उघडता गर्जायचा, "मंजूर!" त्याच्या मागोमाग बाकीचे. गाव कौतुकानं म्हणायचं, काशिराम हाय म्हनून बैठक लवकर उठते. एका वर्षी असंच "मंजूर" झालं आणि लोक चपला शोधू लागले तेव्हा काशिरामला कळलं, की आपण ज्याला मंजुरी दिली तो ठराव आपल्याच सख्ख्या बहिणीला, सोनाबाईला, वाळीत टाकण्याचा होता. देवळाच्या वर्गणीवरून काही बोलाचाली झाली होती, तेवढंच निमित्त. त्यानंतर सात वर्षं सोनाबाईच्या दारात कुणी हळदीकुंकवाला गेलं नाही, तिच्या घरच्या मयताला खांदा द्यायला बाहेरगावची माणसं बोलवावी लागली. आणि काशिराम? तो म्हणायचा, "सगल्यांनी म्हटला म्हनून मी पन म्हटला." मेलं, सगळ्यांत आधी तर तूच म्हटलंस! किशोरी तेव्हा अकरा वर्षांची होती. आत्याच्या दारावरून शाळेत जाताना मान खाली घालायची तिला सक्ती होती. बापाचा तो "मंजूर" तिच्या कानात अजून घाण साचल्यासारखा बसलेला आहे.

अशी ही बाई पुढे लग्न होऊन, आडनाव मात्र माहेरचंच ठेवून, सुकापूरला आली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, मुलगा कॉलेजात गेल्यावर कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला लागली. शैलेशशेठचा तिथं प्लेट कापायचा कारखाना आहे. जाडजूड पोलादी पत्र्यांतून गिऱ्हाईक मागेल तो आकार प्लाझ्माच्या, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या तापलेल्या वायूच्या, झोतानं कापून द्यायचा. खाली शेडमध्ये मशीन, वर माडीवर ऑफिस, मध्ये एक खिडकी. मशीन म्हणजे दोन रुळांवरून धावणारा आडवा पूल आणि त्याला लटकलेला, तो झोत सोडणारा टॉर्च. कुठं पेटायचं, किती सरकायचं, कुठं विझायचं, हे सगळं त्याला एका फाइलीतून कळतं, आणि ती फाइल असते साध्या अक्षरांची. किशोरीचं काम त्या फाइली एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर बदलायच्या प्रोग्राममध्ये, उघडायच्या, माप तपासायचं, चूक दुरुस्त करायची आणि मशीनकडे पाठवायच्या.

मशीनवर रामू असे. रामू कोळी, उरणकडचा, पन्नाशीच्या आतबाहेर. घरची होडी भावांच्या वाटणीत गेली म्हणून लोखंडात आलेला. पण हात अजून दर्याचे. सुट्टीच्या दिवशी अर्ध्या कोळीवाड्याची फाटकी जाळी त्याच्या ओसरीवर येत आणि तो सुई-दोऱ्यानं ती अशी सांधे, की कुठं फाटलं होतं ते शोधूनही सापडू नये. डब्यातलं सुक्या मासळीचं कालवण तो किशोरीला हटकून देई आणि किशोरी, जिला दुसऱ्याच्या डब्याची किळस, ती रामूच्या डब्यातलं मात्र खाई.

किशोरीच्या आधी त्या खुर्चीवर भावेश बसायचा, शेठचा भाचा, इंजिनिअर. एडिटर त्यानंच बसवलेला, मशीनची जोडणीही त्याचीच. दुबईला जायच्या आधी दोन दिवस तो किशोरीला काम शिकवायला थांबला. त्याच्या टेबलावर वाळलेल्या चहाचे गोल डाग, कीबोर्डच्या फटींत वेफर्सचा चुरा. तिनं आधी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं, मग बसली. शेठनं तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणला होता. पहिलीच फाइल उघडली तर एडिटरनं फाइल दाखवायच्या आधी प्रश्न टाकला. इंग्रजीत होता, पण मतलब सरळ होता: या फाइलीनं स्वतःपुरत्या काही सेटिंग्ज सोबत आणल्या आहेत; त्यातल्या काही धोक्याच्या असू शकतात; लागू करू का? खाली तीन वाटा. हो. नाही. आणि तिसरी, उद्गारचिन्हाचं बटण: हो, आणि या सेटिंग्ज कायमच्या सुरक्षित समज, पुन्हा विचारू नकोस.

"उद्गारचिन्ह दाबा," भावेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "परत विचारत नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी पहिल्याच दिवशी दाबलं होतं."

"पण कसल्या सेटिंग्ज?"

"आहेत ओ आपल्याच. फाइलीच्या तळाशी सहा ओळी असतात. त्यांना हात लावायचा नाही, बस्स."

त्याच्या जुन्या मॉनिटरवर त्यानं तसा कागदच चिकटवला होता: खालच्या सहा ओळींना हात लावू नये. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा कुणीतरी त्या कागदालाही हळदकुंकू वाहिलेलं दिसत होतं. हात जोडा आणि पुढे चला.

तिनं उद्गारचिन्ह दाबलं नाही. पण नवी नोकरी, पहिला दिवस, समोर शेठचा भाचा. तिनं साधं "हो" दाबलं. त्याच क्षणी खाली धाडकन आवाज झाला, झोत पेटला, पूल सुसाट निघाला आणि रामूची अशी किंकाळी आली की बाजारातले हमाल आत धावले. रामू नुकतीच प्लेट मांडून मागे सरत होता. झोत त्याच्या बाहीला चाटून गेला. जळक्या बाहीसकट तो जिना चढून वर आला आणि भावेशकडे बोट करून ओरडला, "तुना किती येला सांगला, फाइल उघराच्या आदी हाक मार! लाल बटन सोरला मी आत्ताच!"

भावेश हसला. हसला, मेला! म्हणाला, "अरे रामूदादा, तू ते लाल बटण दाबून ठेवत जा ना."

त्या दुपारी किशोरीनं डबा उघडला नाही. ती सहा ओळी वाचत बसली. मूळची कॉमर्सवाली, पण वाचायला काय इंजिनिअर व्हावं लागतं? पहिल्या पाच ओळी अक्षराचा आकार, ओळींची मांडणी, असल्या बिनविषारी. सहावी मात्र हुकूम होता: ही फाइल उघडताच तिची प्रत मशीनकडे पाठव. आणि मशीन तर भावेशनं असं लावून ठेवलेलं, की फाइल आली रे आली की कापायला सुरुवात. तो पूर्वी खाली मशीनशेजारीच बसायचा, स्वतःच फाइल उघडायचा, स्वतःच बघायचा. तेव्हा त्या ओळीनं त्याचे चार क्लिक वाचत होते. पुढे साहेबांना एसी हवा झाला, खुर्ची माडीवर गेली. ओळ तशीच राहिली. वर फाइल उघडायची आणि खाली माणसाच्या अंगावर आग जायची, हे इतकी वर्षं चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रामू तेवढा शहाणा. मशीनजवळ हात न्यायचा झाला की तो आधी भिंतीवरचं लाल बटण दाबून सगळं बंद करी. पण एकदा ते बटण दाबलं की पूल पुन्हा शून्यावर, सुरुवातीच्या जागी, आणायला दहा मिनिटं जात, आणि दहा मिनिटं गेली की शेठचा आवाज माडीवरून खाली येई.

भावेश गेल्यावर किशोरीनं शेठला सांगून पाहिलं. शैलेशशेठ तसा वाईट माणूस नाही. दिवाळीला घरच्यासारखं देतो, कामगाराच्या लग्नाला सहकुटुंब येतो. पण कागद, फाइल, प्रश्न, असलं काही समोर आलं की त्याचं डोकं उठतं. तो म्हणाला, "चालतंय ना, किशोरीताई? मग कशाला खाजवून खरूज काढता? त्या ओळी काढल्या आणि उद्या मशीनच बंद पडलं तर दुबईहून भावेश येणार आहे का?" इतकंच नाही, बाहेरचे जे लोक फाइली बनवून पाठवत त्यांनाही शेठची ताकीद होती: आमच्या सहा ओळी खाली जोडा, त्याशिवाय आमचं मशीन घेत नाही. लोक बिचारे जोडत. पत्रिकेवर श्री लिहावा तशा त्या ओळी प्रत्येक फाइलीवर येऊन बसत.

"बरं," किशोरी म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं एकच केलं. फाइल उघडली, प्रश्न आला, "नाही". दुसरी फाइल, "नाही". दिवसाला वीस-पंचवीस वेळा. मग माप तपासायचं, खिडकीशी जायचं आणि खाली हाक मारायची, "रामूदादा, सोडते गं!" पहिल्याच दिवशी चुकून तोंडून "गं" गेलं आणि तेच पडलं. रामू रुळांपासून मागे होऊन दोन्ही हात वर करून दाखवी आणि ओरडे, "सोर गं!" मग ती फाइल हातानं पाठवी. सगळा कारखाना हसे. हिशेब बघणाऱ्या समीक्षानं तिचं नाव "नायबाई" ठेवलं. शेठ कुरकुरे की प्रत्येक कामाला दोन मिनिटं जास्त जातात. किशोरी ऐकून घेई आणि पुन्हा "नाही" दाबी.

एक गोष्ट मात्र तिला रोज खुपायची. त्या एडिटरात कायमचं "हो" म्हणायला बटण होतं. कायमचं "नाही" म्हणायला त्या जुन्या एडिटरात नव्हतंच. हो एकदा म्हटलं की जन्मभर पुरतं आणि नाही म्हणे रोज नव्यानं म्हणायचं, आहे की नाही थोबाडीत मारल्यासारखं? तिला बापाची गावकी आठवे. तिथंही "मंजूर" कायमचं आणि "नामंजूर" म्हणणाऱ्याला दर बैठकीला पुन्हा उभं राहावं लागे.

तरी खरं सांगायचं तर त्या रोजच्या "नाही"त तिला एक मजाही वाटायला लागली होती. आपणच तेवढं वाचतो, बाकी सगळे मम म्हणणारे, असा एक ताठा तिच्या मानेत आला. सहा ओळी फाइलीतून खुशाल कापून टाकता आल्या असत्या. बाहेरच्यांना एक पत्र धाडता आलं असतं. शेठशी एकदा कडाकडा भांडता आलं असतं. त्यातलं काही तिनं केलं नाही. रोज नाही म्हणत होती ना? मग झालं. अशी तीन वर्षं गेली.

या वर्षी वैशाखात तिच्या भावाची मुलगी रिया हिचं लग्न ठरलं. आगऱ्यांची हळद, तिला न जाऊन कसं चालेल? किशोरीनं तीन वर्षांत पहिल्यांदा एका दिवसाची रजा टाकली. जायच्या आदल्या दिवशी तिनं एक कागद लिहून स्क्रीनला लावला: प्रश्न आला तर "नाही" दाबावं, रामूदादांना हाक मारून मगच फाइल पाठवावी. शेठला तोंडानंही सांगितलं. शेठ म्हणाला, "हो हो." तेवढ्यावरच तिनं समजायला हवं होतं.

दुपारी मांडवात बायका तिला हळद फासत होत्या, नवरीपेक्षा आत्यालाच जास्त, कारण आत्या नको नको म्हणते म्हणून. गालाला, गळ्याला, दोन्ही हातांना कोपरापर्यंत. तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. समीक्षा रडत होती आणि तिचं एकच वाक्य कळत होतं, "रामूदादांचा हात, रामूदादांचा हात."

किशोरी तशीच निघाली. रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे दोनदा पाहिलं. पनवेलच्या दवाखान्याच्या जिन्यात शेठ भेटला, शर्टावर रक्त, तोंड पांढरंफटक. झालं ते असं. एका बिल्डरचं तातडीचं काम आलं, शेठ स्वतः किशोरीच्या खुर्चीवर बसला, ई-मेलमधून फाइल उघडली. प्रश्न आला. "वैताग आहे हा रोजचा," असं म्हणून त्यानं उद्गारचिन्ह दाबलं. खाली रामू रुळाच्या सांध्यात अडकलेला लोखंडाचा तुकडा बोटांनी काढत होता. पूल आला आणि उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, रुळावरच राहिली.

"आणि कागद?" किशोरीनं विचारलं. "मी लावलेला कागद?"

"अहो, तो मी बाजूला केला, स्क्रीन दिसत नव्हता," शेठ म्हणाला आणि तोंड पुसायला लागला.

तिला तिथंच, जिन्यात, खरोखर उलटी झाली. हळदीच्या हातांनी तिनं कठडा धरला तो पिवळा झाला. आयाबाई ओरडली, ते पुसायला तिनं स्वतःच फडकं मागून घेतलं.

चार दिवसांनी कारखान्यात बैल गेला आणि झोपा केला. मशीनभोवती पिवळा पट्टा आखला गेला, "सुरक्षा प्रथम" अशी पाटी आली, आणि शेठनं एक टाइप केलेला कागद किशोरीसमोर ठेवला. कारखान्यांच्या सरकारी तपासणीचा साहेब सोमवारी येणार होता.

"सही करा फक्त," शेठ म्हणाला. "सगळ्यांनी केलीय."

कागदावर खरोखर सगळ्यांच्या सह्या होत्या. हमालाची, वॉचमनची, समीक्षाची. किशोरीनं कागद वाचायला घेतला तसा शेठनं सुस्कारा सोडला. कागदात होतं: यंत्र व्यवस्थित होते. धोका टाळण्यासाठी भिंतीवर लाल बटण होते. सदर कामगाराने नियमाप्रमाणे ते बटण न दाबता यंत्रात हात घातला. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला.

"समीक्षा," किशोरीनं वळून विचारलं, "तू वाचलंस हे?"

"शेठ म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे," समीक्षा म्हणाली. मग कागद तिनं पहिल्यांदा वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"यात खोटं काय आहे, सांगा ना?" शेठचा आवाज चढला. "बटण त्यानं दाबलं नव्हतं, हे खरं की नाही? दवाखान्याचं सगळं मी बघतोय ना? मग? साहेबानं कारखान्याला टाळं लावलं तर अठरा माणसं घरी बसतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथंच अडकला, कारण एक गोष्ट तिला टोचायला लागली होती. बटण रामूनं खरंच दाबलं नव्हतं. जो माणूस भावेशच्या काळात लाल बटण दाबल्याशिवाय रुळाकडे बघायचासुद्धा नाही, त्यानं ते का दाबलं नाही?

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि कागद पिशवीत घालून थेट उरणची बस धरली.

रामू ओसरीवर बसला होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर. कोपऱ्यात कुणाचं तरी फाटकं जाळं पडून होतं, जाळ्याची सुई त्यात तशीच खोचलेली. रामूची बायको चंद्रावती पाणी घेऊन आली आणि किशोरीकडे न बघता आत गेली.

"रामूदादा," किशोरीनं विचारलं, "लाल बटण का नाही दाबलंत?"

रामूला प्रश्नाचं नवलच वाटलं. "कवापासून नाय दाबत मी. तीन वर्सं झाली," तो म्हणाला. "तू हायस ना वर. तू नाय म्हनतेस, मंग हाक मारतेस. हाक आल्याबिगर मशीन हलत नाय. ते बटन दाबला का धा मिनटां जातान, शेठ वरडतंय. तुजी हाक हाय म्हनून मी बिनधास्त व्हतू, ताय."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

किशोरी त्या ओसरीवर बसून राहिली. तीन वर्षं तिनं जगाची किळस केली, शेठची, भावेशची, समीक्षाची, बापाची. आज पहिल्यांदा ती किळस तिच्या स्वतःच्या अंगावर आली आणि हळदीसारखी कोपरापर्यंत चढली. विषारी ओळ रोज समोर होती. ती रोज वाचत होती, रोज नाही म्हणत होती आणि रोज तिथंच ठेवत होती. तिच्या भरवशावर एका माणसानं आपली सावधगिरी सोडून दिली, आणि ती स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन हळदीला निघून गेली. कागद लावून! बाप निदान झोपेत "मंजूर" म्हणाला होता. ही तर टक्क जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ती ऑफिसात पोचली. आधी मशीनकडे जाणारी वायर तिनं हातानं उपटली. मग कॉम्प्युटर सुरू केला आणि सवयीनं एक फाइल उघडली. बोट सवयीनंच "नाही"कडे गेलं आणि अधांतरी थांबलं. प्रश्न आलाच नाही. फाइल मुकाट्यानं उघडली होती, सहावी ओळ मुकाट्यानं तिचं काम करायला गेली होती आणि उपटलेल्या वायरीपाशी अडली होती. शेठच्या एका बटणानं तिचा तीन वर्षांचा विचारणारा मुका झाला होता.

तिनं एडिटरच्या "कायम सुरक्षित"च्या यादीतून शेठची मंजुरी काढून टाकली. मग एकेक फाइल घेतली आणि खालच्या सहा ओळी खोडायला सुरुवात केली. सव्वाचारशे फाइली होत्या. दुपारी शेठ आला, बघत उभा राहिला, "मशीन बंद पडलं तर?" असं काहीतरी म्हणाला. तिनं वर पाहिलं नाही. संध्याकाळी मशीनजवळ कुणी नाही हे खिडकीतून बघून, वायर जोडून तिनं एक फाइल हातानं पाठवली. मशीन चाललं. त्याला त्या ओळींची काडीची गरज नव्हती.

मग तिनं सोमवारी साहेबाला द्यायला स्वतःचा कागद लिहिला, शेठच्या टेबलावर त्याचा कागद सही न करता परत ठेवला. "उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाला. "बरं," किशोरी म्हणाली. तीन वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली होती, पण या वेळी पिशवी उचलून जिना उतरली.

रविवारी ती पुन्हा रामूच्या ओसरीवर होती. समीक्षाही सोबत आली होती. तिनं आपली आधीची सही मागे घेतल्याचं लिहून आणलं होतं. चंद्रावती या वेळी आत गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

किशोरीनं कागद उघडून मोठ्यानं वाचला. फाइलीच्या तळाशी कोणती ओळ होती आणि ती काय करायची. ती कुणी लिहिली, कुणी ठेवली. एडिटरनं धोक्याचं विचारल्यावर शेठनं कोणतं बटण दाबलं. कामगार लाल बटण का दाबत नसे. आणि शेवटी: "ही ओळ धोक्याची आहे हे मला, किशोरी मोकल हिला, तीन वर्षे माहीत होते. मी ती रोज नाकारली, पण काढून टाकली नाही. कामगार माझ्या हाकेवर विसंबून होता. त्याचा निष्काळजीपणा नाही. माझा आहे आणि मालकांचा आहे."

वाचून झालं. रामूचा डावा हात कोपऱ्यातल्या जाळ्याच्या सुईशी उगाच चाळा करत होता; सुई दोनदा निसटली.

"मंजूर?" किशोरीच्या तोंडून गेलं. बापाचाच शब्द, बापाच्याच आवाजात. तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामूनं सुई खाली ठेवली आणि मान हलवली नाही.

"परत वाच, ताय," तो म्हणाला. "पयल्यापासून. आनि सावकास."

तिनं डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.